आग रामेश्वरी, बंब दाढेवरी

पत्र:

माझं वय 57. कोथरूडला राहते, डेक्कनजवळच्या शाळेत शिकवते, स्कूटरवरून जाते-येते. मागच्या डिसेंबरात एका सकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला उजव्या गालात, खालच्या बाजूला, करंट बसल्यासारखी कळ आली. दोन-तीन सेकंदच, पण गाडी बाजूला घ्यावी लागली. तेव्हापासून दात घासताना, चहा पिताना, कधी वर्गात हजेरी घेताना तशीच कळ येते. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा काढून झाल्या, त्यातल्या एकीचं आधी रूट कॅनालही झालं होतं. फरक शून्य. मग न्यूरॉलॉजिस्टनी ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ असं सांगून कार्बामाझेपिन दिलं. गुंगी आणि मळमळ व्हायला लागली म्हणून आठ दिवसांनी मीच बंद केलं. ती फिटची गोळी आहे असंही कळलं, आणि मला फिट येत नाही. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला टेकली आहे असं लिहिलंय. शेजारच्या काकूंचं तोंड वाकडं झालं तसं माझं होईल का? नणंद म्हणते नस दबलीय, मालीश कर. मिस्टर म्हणतात, रात्री झोपेत दुखत नाही म्हणजे मनाचं असेल. गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे वरची अक्कलदाढ काढायची अपॉइंटमेंट घेतली आहे. बीपीची गोळी चालू आहे. ही एक नस चेहऱ्यात नक्की कुठे कुठे जाते, ते मला कुणी धड सांगतच नाही.
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला एकच ओळ कळवली होती: गुरुवारची दाढ काढू नका. तासाभरात तुमचं उलट उत्तर आलं, ‘पण का?’ मास्तरीणबाईंना शोभेल असाच प्रश्न. तर हे त्या ‘का’चं उत्तर. ते थोडं लांबेल, कारण तुम्ही नकाशा मागितला आहे आणि मी आयुष्यभर तोच नकाशा फळ्यावर काढत आले आहे. मी शरीररचना शिकवायची. औषधाचा डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं. पण कुठली तार कुठे जाते, हे मला विचारा.

आधी ‘नस’ या शब्दाचं बघू. आपल्याकडे रक्तवाहिनीही नस, मज्जातंतूही नस, आणि पोटरीत गोळा आला तरी ‘नस चढली’. तुमच्या नणंदेच्या डोक्यात जी नस आहे ती बहुधा चोळली की मोकळी होणारी. तुमची नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजे संदेश वाहणारी तार. शिवाय ती जिथे दबली आहे ती जागा कानामागच्या हाडाच्या आत, कवटीत, खोलवर आहे. तिथपर्यंत कुणाचाही अंगठा पोचत नाही. उलट तुमच्या गालाला हात लागला तरी कळ येते, तेव्हा मालीश म्हणजे आगीत तेल. नणंदेला प्रेमानं नाही म्हणा.

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यातली पाचवी ही, आणि बाराही जोड्यांत सगळ्यांत जाड. ट्रायजेमिनल या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ तिळं, एकाच वेळी जन्मलेली तीन भावंडं. नाव अगदी चपखल आहे. डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा या दोन नसा मेंदूच्या देठातून निघतात. देठाच्या त्या फुगीर भागाला पॉन्स म्हणतात, म्हणजे पूल. तिथून ती नस अगदी थोडं अंतर पुढे जाते आणि कानाच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या टोकावर एका छोट्या कप्प्यात विसावते. डिसेक्शन हॉलमध्ये मेंदू बाहेर काढल्यावर त्या कप्प्यावरचं जाड आवरण चिमट्यानं हलकेच उचललं की आत एक चपटी, अर्धचंद्रासारखी गाठ दिसते. मी मुलांना सांगायची, करंजी शोधा. लहानशी, चपटी करंजी. पुस्तकात तिला गॅसेरियन गँग्लिअन म्हणतात. व्हिएन्नाच्या गॅसर या शरीररचनेच्या शिक्षकाचं हे नाव. ते गाठीला त्यानं स्वतः दिलेलं नाही, 1765 मध्ये त्याच्या विद्यार्थ्यानं दिलं. असे विद्यार्थी सगळ्यांच्याच नशिबी नसतात.

या करंजीच्या गोल कडेतून तिळी भावंडं फुटतात, आणि प्रत्येक जण कवटीच्या वेगळ्या दारातून बाहेर पडतो. पहिला डोळ्यामागच्या फटीतून, दुसरा एका गोल भोकातून, तिसरा लंबगोल भोकातून. ‘फट, गोल, लंबगोल’ असं मी वर्गात पाढ्यासारखं म्हणून घ्यायची. लंबगोल दार लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हे वाचताना हात मोकळा असेल तर एक करून बघा, पण डाव्या बाजूवर; उजव्या बाजूला हात लावू नका. डाव्या भुवईखाली डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. नाकाकडच्या बाजूला एक छोटी खाच लागेल. जरा दाबलं की विचित्र, मुंग्यांसारखं दुखतं. तिथून पहिली शाखा कपाळावर येते. आता बोट सरळ खाली आणा. खोबणीच्या खालच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली, गालाच्या हाडात, दुसरी जागा. ती दुसऱ्या शाखेची. आणखी सरळ खाली या, खालच्या जबड्यावर, पुढच्या छोट्या दाढांच्या मुळाखाली तिसरी. तिन्ही जागा जवळजवळ एका उभ्या रेषेत, साधारण बुबुळाच्या रेषेत येतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे दाखवलं की सगळा वर्ग आपापला चेहरा दाबत बसायचा, आणि दारातून डोकावणाऱ्या शिपायाला वाटायचं बाईंनी मुलांना काही शिक्षा केली आहे.

पहिल्या शाखेकडे कपाळ, वरची पापणी, नाकाचा कणा आणि टोक, डोक्याचा पार टाळूपर्यंतचा भाग आणि डोळ्याचं पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया. डोळ्यात कण गेला की पापणी तुम्ही ठरवण्याआधीच मिटते ना? खबर पाचवी नस देते आणि पापणी सातवी मिटवते. मंडईतून आणलेला कांदा चिरताना डोळे चुरचुरतात तेही हिचंच गाऱ्हाणं. दुसऱ्या शाखेकडे खालची पापणी, गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, टाळा, वरचे सगळे दात आणि गालाच्या हाडातली सायनसची पोकळी. म्हणूनच सायनस भरला की वरच्या दाढा ठणकतात आणि माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो. तिसरी म्हणजे तुमची गुन्हेगार. निदान तशी दिसते तरी. खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात, गालाची आतली बाजू, जिभेचा पुढचा दोन तृतीयांश भाग, कानाची पुढची बाजू आणि कानशील तिच्याकडे. खालच्या दाढेची कळ कानात मारते ती याच शेजारामुळे. तुम्ही स्कूटरवर स्कार्फ बांधता ना, सगळं पुणं बांधतं तसा? तो स्कार्फ चेहऱ्यावर आणि डोक्याच्या पुढच्या भागावर जिथे जिथे टेकतो, ती जवळजवळ सगळी जमीन या नसेची. एक कोपरा मात्र नाही: कानाच्या पाळीखाली जबड्याचा जो कोन आहे, तिथली त्वचा मानेतून येणाऱ्या नसेकडे आहे. परीक्षेत हा कोपरा हमखास विचारायचे आणि निम्मा वर्ग हमखास चुकायचा.

खालचा जबडा जरा जवळून पाहू, कारण तुमच्या दोन दाढा तिथेच गेल्या. तिसऱ्या शाखेचा एक फाटा जबड्याच्या मागच्या उभ्या भागात आतल्या बाजूनं हाडात शिरतो, हाडातल्या बोगद्यातून सगळ्या दाढा-दातांच्या मुळांखालून जातो, प्रत्येकाला बारीक तंतू देतो आणि हनुवटीजवळच्या त्या भोकातून बाहेर येऊन ओठात पसरतो. दाढ काढताना डॉक्टरनी मागे, खोलवर एकच इंजेक्शन दिलं आणि अर्धा ओठ हनुवटीसकट बधिर झाला, हे आठवत असेल. घरी येऊन चहा प्यायला गेलात तर ओघळ साडीवर. दाढ एक, पण ओठही मुका, कारण तार एकच.

या नसेला दुखणं कळतं तसं कामही करता येतं. ते काम फक्त तिसऱ्या शाखेकडे आहे: चावणं. दात आवळा आणि गालावर, जबड्याच्या कोनापाशी बोट ठेवा. टणक गोळा उभा राहतो तो मॅसेटर. कानशिलावर दुसरा. असे प्रत्येक बाजूला चार मुख्य स्नायू, शिवाय काही किरकोळ. त्यातला एक तर कानाच्या पडद्याला ताण देतो, म्हणून चकली खाताना स्वतःच्याच कुरकुरण्यानं आपले कान किटत नाहीत.

आणि मिसळ! झणझणीत रश्शाचा पहिला घास घेतल्यावर जिभेला आग, नाकाला धार, डोळ्यांत पाणी. यातली आग ही चव नव्हेच. गोड, खारट, आंबट, कडू या चवी जिभेच्या पुढच्या भागातून सातवी नस नेते. तिखटाची आग पाचवी नेते, आणि तीही उष्णतेच्या खात्यात जमा करून. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला, म्हणजे तारेच्या टोकावरच्या संवेदना टिपणाऱ्या रेणूला, चिकटतं तोच ग्राही खऱ्या चटक्यानंही उघडतो, त्यामुळे मेंदूला वाटतं तोंड भाजलं. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हा ग्राही शोधला, आणि 2021 चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर मिळालं. पुदिन्याचं फूल गार लागतं ते याच नसेवरच्या दुसऱ्या ग्राहीमुळे. जिभेवर बर्फ ठेवल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात बर्फ नसतो. मी हे मुद्दाम सांगतेय. ही नस मेंदूला जे सांगते ते मेंदू खरं मानतो, मग ते खरं असो वा नसो. तुमच्या दुखण्याचं सगळं मर्म यात आहे.

तुमची दाढ कधीच किडलेली नव्हती असं मी म्हणत नाही, मी ती पाहिलेली नाही. पण करंटसारखी क्षणभराची कळ, एकाच बाजूला, वाऱ्यानं, ब्रशनं, बोलण्यानं सुटणारी आणि दोन कळांच्या मध्ये काहीच नाही, ही दाढेची भाषा नव्हे. दाढ ठणकते. तासन् तास ठणकते, रात्री जास्त, गरम-गार लागलं की वाढते. या नसेची कळ सेकंदाच्या एका अंशापासून फार तर दोन मिनिटं टिकते आणि बटण बंद केल्यासारखी थांबते. आणखी एक खूण तुम्ही पाहिली असेल: एक जोरदार झटका येऊन गेला की थोडा वेळ कितीही हात लावा, काही होत नाही. त्या वेळात चार घास सुखानं जातात. मिस्टरांना सांगा, मनाच्या दुखण्याला असं घड्याळ नसतं. झोपेत ही वेदना बहुतेक रुग्णांना त्रास देत नाही. हे तर निदानाच्या बाजूचंच लक्षण आहे. तपासणीत सगळं ठीक निघणं हेही तसंच. डॉक्टर कापसानं गाल चाचपतात, दात आवळायला सांगतात, सगळं छान असतं, आणि घरच्यांना वाटतं बघा, काहीच नाही.

मग बिघाड कुठे? मेंदूच्या देठातून नस जिथे निघते, त्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये. वायरवर जसं प्लॅस्टिकचं कव्हर असतं तसं मज्जातंतूवर मायलिनचं असतं. याच पट्ट्यात मेंदूच्या आतल्या प्रकारचं कव्हर संपून बाहेरच्या प्रकारचं सुरू होतं, त्यामुळे जागा नाजूक. लहान मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीची एखादी वळकटी वयानुसार लांबते, सरकते आणि नेमकी इथे टेकते. बहुतेक वेळा ती सुपिरियर सेरेबेलर ही रोहिणी असते. प्रत्येक ठोक्याला घासायचं, वर्षानुवर्षं. कव्हर झिजतं आणि उघड्या पडलेल्या शेजारी तारांमध्ये ठिणग्या उडतात. स्पर्शाच्या तारेतून निघालेला निरोप वेदनेच्या तारेत उडी मारतो. म्हणून नळ स्टॉपवरचा वारा तुम्हाला वारा न लागता करंट लागला. मेंदू प्रामाणिकपणे तार कुठे संपते ते पाहतो आणि सांगतो, दाढ दुखतेय. बिघाड तारेच्या सुरुवातीला, तक्रार तारेच्या टोकाला. आपल्याकडे म्हण आहेच, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमच्या बाबतीत बंब दोनदा दाढेवर गेला, गुरुवारी तिसऱ्यांदा निघाला होता, आणि तोही वरच्या दाढेकडे, म्हणजे चक्क दुसऱ्या शाखेच्या गावात!

मी हे फार शहाणपणानं लिहितेय असं वाटेल, म्हणून एक कबुली. माझ्या थोरल्या बहिणीच्या अशाच तीन दाढा गेल्या, पेठेतल्या एका दवाखान्यात, एकामागून एक. तिसरी काढायच्या आदल्या दिवशी तिनं मला फोन केला होता. मी म्हणाले, ‘ताई, डॉक्टर म्हणतायत तर काढून टाक, म्हणजे मोकळी होशील.’ त्याच आठवड्यात मी वर्गात चार रंगांच्या खडूंनी ट्रायजेमिनलची आकृती काढली होती. फळ्यावरची नस मला ओळखू यायची, बहिणीच्या गालातली आली नाही. पुढे दोन वर्षांनी निदान झालं. तोवर ती जेवायला सगळ्यांबरोबर बसायची बंद झाली होती, कारण घास तोंडात असताना मध्येच थिजून बसायचं तिला लाजिरवाणं वाटायचं.

फिटच्या गोळीचं आता. कार्बामाझेपिन हे फिटचं औषध आहेच, पण 1962 पासून या दुखण्यावरही वापरात आहे आणि आजही पहिली पसंती त्यालाच. फिटमध्ये मेंदूतल्या पेशी बेसुमार वेगानं ठिणग्या सोडतात. तुमच्या नसेत झिजलेला पट्टा तेच करतो. गोळी पेशींची सोडियमची दारं आवळते आणि हा सुसाट वेग कमी करते. साध्या वेदनाशामक गोळ्यांना हे जमत नाही, म्हणून तुम्ही घरी घेतलेल्या गोळ्यांनी काहीच झालं नसणार. सुरुवातीला गुंगी, मळमळ, तोल जाणं होतं. सहसा कमी डोसवरून हळूहळू चढवलं की शरीर जुळवून घेतं. आठ दिवसांत सोडलंत ही चूक झाली, पण तुमची एकटीची नाही. हे असं होईल आणि झालं तर फोन करा, एवढं कुणी तरी आधी सांगायला हवं होतं. परत जा. त्याच न्यूरॉलॉजिस्टकडे जा आणि खरं सांगा की मी बंद केली होती. ते डोस बदलतील किंवा ऑक्सकार्बाझेपिनसारखं जवळचं औषध देतील. आपल्या मनानं परत सुरू मात्र करू नका.

जाताना बीपीच्या गोळीची पट्टी बरोबर न्या. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, आणि ते व कार्बामाझेपिन दोन्ही रक्तातलं सोडियम उतरवतात. तुमच्या वयात सोडियम उतरलं की डोकं जड, गोंधळल्यासारखं, आणि घरचे म्हणतात गोळीची गुंगी. तेव्हा सोडियम, रक्तपेशी आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या चुकवू नका. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आशियातल्या काही लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे या औषधाची त्वचेवर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते, आणि त्यासाठी रक्ताची तपासणी असते. ती तुम्हाला लागेल का, हे विचारा.

तोंड वाकडं होण्याची भीती मात्र सोडून द्या. शेजारच्या काकूंचं दुखणं सातव्या नसेचं. भुवया उंचावणं, डोळा मिटणं, हसणं, शीळ घालणं हे सगळं सातवीचं. पाचवीकडे स्पर्श आणि चावणं. एका चेहऱ्यात राहतात, पण खाती वेगळी. या दोघींत पूर्वी डॉक्टरांचीही गल्लत व्हायची. चेहऱ्यातली असह्य कळ थांबवायला काही शल्यचिकित्सकांनी सातवी नस कापली. कळ तशीच राहिली आणि चेहरा लुळा पडला. 1820 च्या दशकात चार्ल्स बेल या स्कॉटिश शरीररचनाकारानं दोघींची कामं वेगळी करून दाखवली, तेव्हा कुठे हे थांबायला लागलं. काकूंच्या दुखण्याला ज्यांच्या नावानं बेल्स पाल्सी म्हणतात ते हेच बेल.

एमआरआयवरच्या त्या ओळीनं दचकू नका. अशी टेकलेली रक्तवाहिनी काहीच न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. तो फोटो मुख्यतः दुसरं काही नाही ना, गाठ किंवा तारांचं कव्हर खराब करणारा मल्टिपल स्क्लेरॉसिससारखा आजार नाही ना, हे पाहायला काढतात. तुमच्या रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलं नाही ना, हे न्यूरॉलॉजिस्टकडून एकदा स्पष्ट वदवून घ्या.

ऑपरेशन आज तुमच्या पानावर नाही. औषध पुरेना किंवा सोसेना झालं तरच. तरी घाबरू नये म्हणून थोडक्यात: रक्तवाहिनीच्या दाबाचा अंदाज बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी 1934 मध्ये मांडला आणि पीटर जॅनेटा यांनी 1960 च्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर ऑपरेशन रूढ केलं. कानामागे कवटीला मोठ्या नाण्याएवढं भोक पाडून नस आणि रोहिणी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बारीक बोळा ठेवतात. कापायचं काही नाही, दोघींमध्ये उशी ठेवायची. दहातले सुमारे सात जण दहा वर्षांनीही वेदनेशिवाय असतात. धोकेही आहेत, त्या बाजूचं ऐकू कमी येणं हा त्यातला एक. ज्यांना मोठी भूल झेपत नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नसेला थोडं भाजतात, फुग्यानं दाबतात किंवा ग्लिसरॉल सोडतात. ती सुई कुठून जाते? मघाचं लंबगोल दार. तिसरं भावंड ज्या दारातून बाहेर येतं त्यातूनच सुई आत. बदल्यात गालाला थोडी बधिरता येते. बारीक किरणांचा मारा करूनही उपचार होतात, पण त्यांचा गुण यायला आठवडे किंवा महिने लागतात.

तोवर रोजचं. स्कार्फ गालाला घासत असेल तर सैल बांधा, आणि चेहऱ्यासमोर काच असलेलं हेल्मेट वापरा. हेल्मेटवर पुणेकरांशी वाद घालू नये हे मला कळतं, पण वारा अडवायला ते बरं. कळ वरचेवर येत असेल त्या आठवड्यात स्कूटर घरी ठेवा. गाडी चालवताना दोन सेकंद डोळे मिटणं परवडत नाही. वनाजहून डेक्कनला मेट्रो आहेच. पाणी कोमट, चहा जरा निवलेला, घास डावीकडून, आणि वाईट दिवशी सरळ गुरगुट्या भात. दात घासणं टाळू नका. झटका येऊन गेल्यानंतरच्या मोकळ्या वेळात मऊ ब्रशनं उरका. घासणं बंद करून खरीखुरी कीड लागली तर मग कुठली कळ कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हजेरी घेताना त्रास होतो ना? एखाद्या मुलीला मोठ्यानं वाचायला लावा. मुलींना आवडतं ते.

गाल किंवा ओठ कायमचा बधिर वाटू लागला, दुसऱ्या बाजूलाही कळ सुरू झाली, चावण्यात जोर कमी पडला, ऐकू कमी यायला लागलं, किंवा कळ थांबतच नाही असं झालं, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवायचं. आणि कपाळावर पाण्याचे फोड येऊन एखादा नाकाच्या शेंड्यावर दिसला, तर ती नागीण. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला पहिल्या शाखेचा एकच फाटा जातो, म्हणून त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

शेवटी तुमच्या ‘धड सांगतच नाही’ याबद्दल. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, हे खरं. पण अर्धं काम तुम्हीच घरून करून नेऊ शकता. वहीच्या पानावर चेहरा काढा, चित्रकला कशीही असो. कळ सुरू होते तिथे फुली आणि जाते तिकडे बाण. खाली तारीख, किती सेकंद, कशानं सुटली, दिवसात किती वेळा. दाढा कधी काढल्या तेही लिहा. हे पान समोर ठेवलंत की कुठल्या भावंडाचं काम आहे ते डॉक्टरांना दोन मिनिटांत दिसेल, आणि उरलेल्या वेळात तुमचे प्रश्न विचारता येतील. वरच्या अक्कलदाढेचा फार संशय असेल तर तिचा एक्स-रे काढून घ्यायला माझी हरकत नाही. एक्स-रे काढा, दाढ नका काढू.

सोडियमचा रिपोर्ट आला की आकडा मलाही कळवा.